निवे ते लोणावळा : घाटमाथ्यावरील ग्रॅव्हल मार्गाचे परीक्षण

ताम्हिणी घाटाच्या अलीकडे असलेल्या निवे गावातून निघून पिंपरी, भांबर्डे, सालतर, आंबवणे आणि पेठ शहापूरमार्गे लोणावळ्याला पोहोचणारा रस्ता हा पुणे परिसरात मी सायकल चालवलेल्या ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या मार्गांपैकी सर्वांत सरस आहे, असे माझे मत आहे. पुण्याच्या आसपास ग्रॅव्हलच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणे सांगितली जातात. परंतु त्यांतली बरीचशी कालव्याकडेच्या सपाट वाटा, टेकड्यांवरच्या पायवाटा किंवा दोन डांबरी रस्त्यांना जोडणारे तुकडे असतात. सलग अंतर, खरा चढउतार, दाट झाडी आणि चाकाखाली सतत बदलत जाणारी जमीन या चारही गोष्टी एकाच दिवसात देणारा मार्ग विरळा, आणि तो इथे आहे. तरीही तो सरसकट कोणालाही सुचवावा असा नाही, म्हणून त्याचे गुण सांगताना अडचणीही तितक्याच नेमकेपणाने मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रथम भूगोल पाहू. निव्यापासून उत्तरेकडे जाणारा हा रस्ता सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरून, म्हणजे आपल्याकडे ज्याला घाटमाथा म्हणतात त्या पट्ट्यातून जातो. पूर्वेला मुळशी धरणाच्या जलाशयाचे फाटे डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले आहेत आणि पश्चिमेला जमीन एकदम तुटून कोकणात उतरते. मुळशीचे पाणी याच डोंगरापलीकडे भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते. ज्या धरणासाठी मावळातली गावे बुडाली आणि ज्याविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी ज्याचे नेतृत्व केले, ते हेच धरण. निव्यापर्यंत येताना उजव्या हाताला जे शांत पाणी दिसते, त्याखाली शेते आणि गावठाणे आहेत, ही जाणीव ठेवून या प्रदेशातून जावे असे मला वाटते. निवे ते लोणावळा हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या घरात आहे. आकडा लहान वाटतो, पण चांगल्या तयारीच्या सायकलस्वारालाही थांबे धरून पाच-सहा तास सहज लागतात.

ग्रॅव्हल सायकल हा प्रकार आपल्याकडे अजून नवा असल्यामुळे दोन शब्द त्याविषयी लिहितो. दिसायला ती रोड बाइकसारखी, वळलेल्या हँडलची. पण तिच्या चौकटीत ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बसतात, डिस्क ब्रेक असतात, गिअर चढासाठी हलके असतात आणि बसण्याची ठेवण लांबच्या पल्ल्याला सोसवेल अशी असते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ साली सुरू झालेल्या एका शर्यतीने, जी आज अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने ओळखली जाते, या प्रकाराला लोकप्रियता मिळवून दिली. २०१९ मध्ये सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने जीआरएक्स ही केवळ ग्रॅव्हलसाठी घडवलेली गिअर-ब्रेकची मालिका बाजारात आणली आणि २०२२ पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची ग्रॅव्हल जागतिक स्पर्धाही होऊ लागली. हे सांगण्याचे कारण एवढेच की, दुकानात मिळणारी ग्रॅव्हल सायकल प्रामुख्याने परदेशातील दाबून बसवलेल्या, बारीक खडीच्या रस्त्यांचा विचार करून तयार केलेली असते. आपली खडी वेगळी आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट फोडला की त्याला धारदार कडा येतात. त्या खडीवरचे डांबर पावसात वाहून गेले की उघडे पडलेले दगड टायरच्या बाजूच्या पातळ भागाला थेट भिडतात. या मार्गाचे परीक्षण करताना सायकलीची मांडणी त्यामुळेच वेगळी सांगावी लागते आणि ती मी पुढे सांगणार आहे.

पुण्याहून सायकलनेच निघायचे असेल, तर चांदणी चौकातून पौडमार्गे निव्यापर्यंतचे साधारण ५५ ते ६० किलोमीटर अंतर हा या प्रवासाचा सर्वांत कमी आनंद देणारा भाग आहे. रस्ता रुंद आणि चांगला आहे, मुळशीचा जलाशय सोबतीला आहे, पण शनिवारी-रविवारी कोकणात आणि ताम्हिणीच्या धबधब्यांकडे जाणाऱ्या मोटारींची रांग सकाळी आठनंतर तुटत नाही, आणि वळणावर ओव्हरटेक करण्याची घाई सगळ्यांनाच असते. माझा स्पष्ट सल्ला असा की, सायकली गाडीवर बांधून निव्यापर्यंत आणाव्यात आणि उजाडताना तिथून सुरुवात करावी. ज्यांना दारातून निघून दारात परत येण्याचेच समाधान हवे असते, त्यांनी पहाटे चारला निघावे आणि पौड ओलांडेपर्यंत मागचा दिवा लावून ठेवावा.

निवे फाट्यावरून मुख्य रस्ता सोडला की वाहनांचा आवाज फार लवकर मागे पडतो. पिंपरीपर्यंतचा टप्पा लहान आहे आणि तो या मार्गाची ओळख करून देण्यासाठी उत्तम आहे, कारण इथे अजून बऱ्यापैकी डांबर आहे आणि पाय मोकळे होईपर्यंत चाकाला फारसा त्रास होत नाही. पिंपरीच्या तलावाजवळ पश्चिमेची बाजू उघडते आणि कुंडलिकेची दरी एकदम समोर येते. दरीच्या उतारावर दिसणारे काळपट हिरवे रान म्हणजे अंधारबन. हा परिसर २०१३ साली घोषित झालेल्या ताम्हिणी अभयारण्याला लागून आहे आणि अंधारबनाची वाट ही वनखात्याच्या परवानगीने पायी जाण्याची वाट आहे. ग्रॅव्हल सायकल कुठेही जाते अशा समजुतीने तिथे चाके घालण्याचा मोह काहींना होतो. तो टाळला पाहिजे. त्या वाटेवरची माती ओली आणि भुसभुशीत असते, चाकाने पडलेली घळ पुढच्या पावसात ओहोळ होऊन बसते, आणि पायी येणाऱ्यांना त्या अरुंद वाटेवर बाजूला व्हायलाही जागा नसते.

पिंपरी सोडून भांबर्ड्याकडे निघाले की खरा मार्ग सुरू होतो. मला जर कोणी विचारले की ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय ते एका तुकड्यात दाखवा, तर मी हा तुकडा दाखवीन. डांबर आधी कडेने कुरतडलेले दिसते, मग मधे त्याची बेटे उरतात, मग तीही संपतात आणि रस्ता दोन चाकोऱ्यांचा होतो. मधोमध गवताचा पट्टा, दोन्ही बाजूंना मुरूम आणि वळणावर पावसाने उघडी पाडलेली मुठीएवढी खडी. थोड्याच अंतरात त्याच रस्त्यावर लाल मातीचा कठीण, जवळजवळ गुळगुळीत पट्टा लागतो, ज्यावरून सायकल इतकी मोकळी धावते की वेग आपोआप वाढतो, आणि मग ओढ्यावरच्या मोरीपाशी पुन्हा गोटे. चाकोरी निवडणे हे इथले मुख्य काम आहे. चढावर पुढचे चाक ज्या दगडावर घालायचे तो चार-पाच हात आधीच ठरवावा लागतो, कारण अगदी जवळ गेल्यावर हँडल वळवले तर मागचे चाक जागेवर फिरते आणि पाय टेकावा लागतो. वजन सॅडलवर ठेवून, छाती हँडलकडे झुकवून, हलक्या गिअरमध्ये एकसारखे पेडल मारत राहिले तर तोच चढ निमूटपणे पार होतो. हे कसब इथे दर शंभर-दोनशे मीटरला वापरावे लागते आणि माणूस कंटाळत नाही, हेच या रस्त्याचे वैशिष्ट्य.

या भागात झाडीही उत्तम आहे. अंजन, जांभूळ, हिरडा, पिसा, आंबा अशा सदाहरित आणि निमसदाहरित झाडांनी रस्त्यावर काही ठिकाणी असे छत धरले आहे की डिसेंबरात सकाळी नऊ वाजताही खाली गारवा असतो आणि उन्हाचे कवडसे खडीवर पडल्यामुळे खड्डा कुठला आणि सावली कुठली हे ओळखण्यासाठी वेग कमी करावा लागतो. झाडी विरळ होते तिथे कारवीचे रान लागते. शेकरू दिसण्याची शक्यता पहाटे जास्त असते. तिचा खरखरीत आवाज आधी ऐकू येतो आणि मग वरच्या फांद्या हलताना दिसतात. सायकल आवाज करत नाही, ती थांबवायला जागा लागत नाही, आणि म्हणून मोटारीतून किंवा मोटारसायकलवरून जे कधी दिसणार नाही ते इथे दिसते. मात्र मोठ्या आवाजाचे स्पीकर हँडलला लावून येणारे गट मी इथेही पाहिले आहेत, आणि त्यांना नम्रपणे पण स्पष्टपणे थांबवणे हे मी कर्तव्य मानतो.

जेवणासाठी भांबर्डे योग्य आहे. इथे मोठे हॉटेल नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगितले तर घरगुती जेवण मिळते, न सांगता गेले तर नशिबावर भरवसा ठेवावा लागतो. मी ज्या घरी जेवलो तिथे तांदळाची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि आंबेमोहोराचा भात होता. मुळशी-मावळ हा आंबेमोहोराचा जुना मुलूख असल्यामुळे भाताचा वास पडवीत पाय ठेवतानाच आला. त्या घरच्या मावशींनी “उन्हाचं कुठं निघालात, टेका जरा,” म्हणत सतरंजी टाकून दिली आणि बाटल्या हंड्यातल्या पाण्याने भरून दिल्या. सायकलस्वारांनी इथे पाणी विकत घेण्याची वाट न पाहता घरी मागावे, पण फेब्रुवारीनंतर मागताना विचार करावा. ज्या प्रदेशात पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना दूरवरून हंडे आणावे लागतात, कारण उताराच्या खडकावर पाणी थांबत नाही. त्यामुळे निघतानाच अडीच-तीन लिटर पाणी सोबत ठेवावे. पैसे रोख ठेवावेत. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि रेंज नसेल तर फोनवरून पैसे देता येत नाहीत. मार्गाचा नकाशाही आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा.

भांबर्ड्याजवळच एकोले गाव आणि त्याच्या माथ्यावर घनगड आहे. किल्ला छोटा आहे आणि पायथ्याशी सायकल ठेवून दोन-अडीच तासांत पाहून होतो. पण ज्यांना त्याच दिवशी लोणावळा गाठायचे आहे त्यांनी घनगड आणि तैलबैला यांपैकी एकच निवडावे. माझी पसंती तैलबैल्याला आहे. सालतरच्या बाजूने आत वळून त्या गावाकडे जाताना दोन प्रचंड कातळभिंती आणि त्यांच्यामधली खिंड जसजशी जवळ येते तसतशी तिची उंची लक्षात येत जाते. सायकलच्या वेगाने ते पाहण्यात वेगळाच आनंद आहे. भिंतींच्या टोकाशी जाणे हे गिर्यारोहकांचे काम आहे, सायकलस्वाराने गावातून पाहून परत फिरावे. पलीकडे कोकणच्या बाजूला सुधागड दिसतो. हवा स्वच्छ असेल तर तिथे बराच वेळ जातो, तेव्हा वेळेचे भान ठेवावे.

सालतरच्या खिंडीचा चढ-उतार हा या मार्गातील सर्वांत कस पाहणारा भाग. चढ फार लांब नाही, पण तो अशा वेळी येतो की पाय थकलेले असतात आणि ऊन डोक्यावर असते. उतारावर खडी सुटी आहे आणि वळणे आंधळी आहेत. माझ्या एका सोबत्याने भाड्याने घेतलेल्या सायकलीचे मागचे ब्रेक पॅड झिजून पत्र्याला लागले होते, हे या उतारावर लक्षात आले आणि उरलेला उतार त्याला चालत उतरावा लागला. भाड्याची सायकल घेणाऱ्यांनी दुकानात केवळ चकाकी पाहू नये; चाक काढून पॅडची जाडी पाहावी, टायरची बाजू बोटाने चाचपावी, आणि मागचे गिअर बदलणारा डिरेलर जिथे बसतो तो हँगर सरळ आहे की नाही हे मागून एकदा बघून घ्यावे. पुणे सोडल्यानंतर लोणावळ्यापर्यंत ग्रॅव्हल सायकलीचे सुटे भाग मिळण्याची आशा धरू नये.

आंबवण्यापासून पुढे रस्ता सुधारत जातो आणि पेठ शहापूरपासून लोणावळ्यापर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर जवळजवळ पूर्ण डांबरी आहेत. सायकलच्या दृष्टीने हा भाग साधारण आहे. पेठ शहापूरच्या डोक्यावरचा कोरीगड, ज्याची उंची सुमारे ९२० मीटर आहे आणि ज्याची तटबंदी रस्त्यावरूनही दिसते, त्याच्या पायथ्याशी चहा-पोह्याच्या टपऱ्या आहेत आणि दिवसातला पहिला खात्रीचा चहा तिथेच मिळतो. पुढे आंबी व्हॅलीकडे ये-जा करणाऱ्या मोटारी वेगात असतात, घुसळखांबजवळ धुके उतरले की समोरचे दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी भुशी धरणापासून लोणावळा बाजारापर्यंत वाहने खोळंबलेली असतात. त्या गर्दीतून रुंद टायरची सायकल कडेच्या मातीवरून सहज निघते, एवढाच काय तो ग्रॅव्हल सायकलीचा इथला फायदा.

आता सायकलीच्या मांडणीविषयी. टायर ४० मिलिमीटरहून अरुंद घेऊ नयेत. ४५ बसत असतील तर ४५ घ्यावेत. टायरच्या मधल्या भागावर खोल दाते असण्यापेक्षा त्याच्या बाजू मजबूत असणे या मार्गावर अधिक महत्त्वाचे आहे, कारण इथे पंक्चर काट्याने कमी आणि दगडाच्या धारेने जास्त होते. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले असल्यास साधारण ७० किलो वजनाच्या सायकलस्वाराने पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास हवा ठेवावी. ट्यूब असल्यास ४०च्या वर ठेवणे भाग आहे, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते. हवा कमी करण्याचे काम निव्याला करावे आणि पेठ शहापूरला पुन्हा भरावी, म्हणजे डांबरावर शक्ती वाया जात नाही. त्यासाठी दाब दाखवणारा छोटा पंप सोबत असावा. ट्यूबलेस टायरमध्ये ओतलेल्या सीलंट या चिकट द्रवाने बारीक भोक बुजते, पण बाजूचा फाटलेला काप बुजत नाही. अशा वेळी जुन्या टायरचा बोटभर तुकडा आतून लावून वर ट्यूब घालणे हा एकमेव भरवशाचा उपाय आहे. तो तुकडा, दोन ट्यूब, चेनची कडी आणि आपल्या सायकलीला बसणारा जादा हँगर माझ्या पिशवीत नेहमी असतो.

गिअरच्या बाबतीत मी आग्रही आहे. पुढे ४० दात्यांची एकच चकती आणि मागे ४२ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, ही मांडणी इथे पुरेशी आहे, कारण तेव्हा सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात चाक एका फेऱ्यापेक्षाही किंचित कमी फिरते. पुढे ४६ आणि ३० दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट असेल तर त्याहूनही थोडे हलके पडते आणि डांबरावर वेगही मिळतो. ज्यांना पुण्यापासून सायकलनेच यायचे आहे त्यांनी ही दुसरी मांडणी घ्यावी. रोड बाइकचे जड गिअर लावून सालतरचा चढ चढणारे मला भेटले आहेत, पण गुडघ्याची किंमत देऊन तो चढण्यात काही अर्थ नाही. शक्य असेल तर ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे असावेत. तारेचे डिस्क ब्रेक काम करतात, पण लांब उतारावर बोटे आखडतात आणि खडबडीत रस्त्यावर पकड सुटू लागते. एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, घेऊन हा मार्ग करता येतो का, असे अनेकदा विचारले जाते. जरूर येतो, आणि पिंपरी-भांबर्डे टप्प्यावर ती अधिक आरामदायकही ठरते, पण पेठ शहापूरपासून पुढे तिचे वजन आणि संथपणा जाणवतो. रोड बाइक आणि एमटीबी यांच्या मधल्या हायब्रिड प्रकारच्या बहुतेक सायकलींत रुंद टायरला जागा कमी असते, म्हणून ती मी सुचवणार नाही.

ऋतू योग्य निवडला नाही तर वरचे सगळे गुण व्यर्थ जातील. जून ते सप्टेंबर या काळात या घाटमाथ्यावर पाऊस इतका पडतो की ओढे रस्त्यावरून वाहतात, दरडी येतात आणि धुक्यात मोटारचालकाला सायकल दिसत नाही. धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन अनेकदा मनाई आदेशही काढते आणि ते पाळायलाच हवेत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पाऊस सरला की सोनकी आणि तेरडा अजून टिकून असतात, माती दाबली जाते, आणि चाकोऱ्या कोरड्या पण धुळीशिवाय असतात. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ सर्वोत्तम. जानेवारी-फेब्रुवारीत गारवा असतो, पण वाहनांमागे फुफाटा उडू लागतो आणि चेन दर विश्रांतीला पुसावी लागते. मार्चपासून वणव्यांचे दिवस येतात. मे महिन्यात करवंदे आणि जांभळे यांचा मोह असला तरी दुपारी उघड्या माळावरची खडी इतकी तापते की मी त्या काळात कोणालाही पाठवणार नाही.

या मार्गाविषयी मला वाटणारी चिंता लिहिल्याखेरीज हे परीक्षण प्रामाणिक ठरणार नाही. घाटमाथ्यावर जमिनींचे व्यवहार वाढले आहेत. डोंगराच्या कुशीत जेसीबीने कापलेले लाल पट्टे दिसतात, त्यांना तारेचे कुंपण पडते, आणि गावकऱ्यांची जुनी गाडीवाट एखाद्या फाटकापाशी येऊन संपते. दरीच्या कडेला बाटल्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांचे ढीग आहेत. दुसऱ्या बाजूने रस्ताही ठिकठिकाणी पक्का होत आहे, आणि त्याविषयी सायकलस्वारांमध्ये होणारी कुरकुर मला मान्य नाही. भांबर्ड्यात कोणी आजारी पडले तर त्याला याच रस्त्याने पौडला किंवा लोणावळ्याला न्यावे लागते. शाळेची मुले आणि दुधाच्या किटल्या याच रस्त्याने जातात. चांगला रस्ता हा त्यांचा हक्क आहे. आपण मागणी करायची असेल तर ती झाडे न तोडता, पाण्याच्या वाटा न बुजवता रस्ता करण्याची करावी, आणि शक्य तिथे कडेला मुरमाची पट्टी मोकळी ठेवण्याची करावी, जी बैलांनाही चालायला बरी पडते.

दिशा कोणती घ्यावी, यावर मतभेद आहेत. लोणावळ्याहून निघणाऱ्यांचे म्हणणे असे की, सुरुवातीच्या डांबरावर अंतर लवकर कापले जाते आणि रेल्वेने लोणावळ्याला पोहोचणे सोपे असते. मी निव्याहून निघण्याच्या बाजूचा आहे. अवघड आणि झाडीचा भाग ताज्या पायांनी, सकाळच्या गारव्यात होतो. दुपारनंतर काही बिघडले तर आपण वाहने असलेल्या रस्त्याजवळ असतो. आणि शेवटी लोणावळ्याहून पुण्याची लोकल पकडता येते, तर उलट दिशेने गेल्यास संध्याकाळच्या अंधारात पौड रस्त्यावरून परतावे लागते. लोकलमध्ये सायकल नेण्यासाठी मालडबा कुठे लागतो आणि सामानाचे तिकीट कसे काढायचे, याची चौकशी स्टेशनवर आधी करून ठेवावी, आणि रविवारी सायंकाळच्या गर्दीच्या गाड्या टाळाव्यात.

ज्यांना इतका वेळ नाही, किंवा ज्यांची ग्रॅव्हल सायकलीशी नुकतीच ओळख झाली आहे, त्यांनी आधी पौडहून कोळवण, हाडशी, जवणमार्गे तिकोन्याच्या पायथ्याशी आणि तिथून पवना जलाशयाच्या कडेने दुधिवरे खिंडीपर्यंतचा मार्ग करावा. हा मार्ग मुख्यतः डांबरी आहे, पण त्याला शेतांतून आणि गावांमागून जाणारे मातीचे पर्याय अनेक आहेत, वाटेत चहा-पाणी मिळते आणि बिघाड झाला तर टेम्पो सापडतो. झाडी निवे-भांबर्ड्याइतकी दाट नाही आणि पवनेच्या काठावर तंबूंची गर्दी झाली आहे, म्हणून त्याला मी दुसरा क्रमांक देतो. दुधिवरे खिंडीचा चढ सायकलवरून न उतरता, पाय न टेकता चढता आला आणि पलीकडे लोहगडवाडीच्या बाजूचा खडा रस्ता ब्रेकवर ताबा ठेवून उतरता आला, की निव्याची तारीख ठरवायला हरकत नाही. ती ठरवताना शक्यतो आठवड्यातला मधला दिवस घ्यावा आणि सोबत किमान एक जण असावा.